शासनाच्या मालकीचे जुगारयंत्र : एका उत्पादनाचे परीक्षण

व्हिडिओ लॉटरी टर्मिनल, म्हणजेच व्हीएलटी, हे यंत्र बाजारात येऊन साडेतीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. बारच्या कोपऱ्यात किंवा घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानालगतच्या दालनात उंच स्टुलासमोर उभे असलेले हे यंत्र पाहणाऱ्याला कॅसिनोतील स्लॉट मशीनच वाटते, आणि खेळण्याच्या दृष्टीने दोहोंत फारसा भेदही नाही. भेद आहे तो विकणाऱ्याचा. येथे दुकान मांडणारे, नफा घेणारे, नियम करणारे आणि त्या नियमांचे पालन होते की नाही हे तपासणारेही शासनच असते. म्हणूनच एखाद्या मिक्सरचे किंवा मोबाइलचे करावे तसे या यंत्राचे परीक्षण करताना केवळ पडद्याची चमक पाहून भागत नाही. ज्या आश्वासनांच्या बळावर ते लोकांच्या गळी उतरवले गेले, ती आश्वासने कितपत पाळली गेली हे पाहावे लागते.

आश्वासने साधारणपणे तीन होती. बेकायदा यंत्रे हद्दपार होतील, पैसा सार्वजनिक कामांना लागेल, आणि खाजगी मालक जपणार नाही इतके शासन खेळणाऱ्याला जपेल. पहिल्या दोहोंचा हिशेब मांडणे तुलनेने सोपे आहे. खरी कसोटी तिसऱ्याची आहे, आणि तिच्यावर हे उत्पादन बहुतेक ठिकाणी उतरत नाही. माझे मत सुरुवातीलाच सांगतो : या यंत्राला घातलेला जो लगाम सक्तीचा होता तोच चालला, आणि जो खेळणाऱ्याच्या मर्जीवर सोडला गेला तो शोभेपुरता उरला.

यंत्राची रचना आधी पाहू. आत एक छोटा संगणक असतो, त्यात यादृच्छिक आकडे निवडणारी प्रणाली असते, आणि बटण दाबले त्या क्षणीच डावाचा निकाल लागलेला असतो. त्यानंतर पडद्यावर फिरणाऱ्या चकत्या म्हणजे झालेल्या निकालाचे केवळ नाट्यरूप. व्हीएलटीला सामान्य स्लॉट मशीनपासून वेगळे करणारा भाग म्हणजे मध्यवर्ती संगणक. प्रत्येक यंत्र त्याला जोडलेले असते, आत किती पैसे गेले आणि किती बाहेर पडले याची नोंद तेथे होते, आणि एखाद्या दुकानाचा परवाना निलंबित झाल्यास तेथील यंत्र मुख्यालयातूनच बंद करता येते. सुरुवातीच्या काळात हे सारे साध्या टेलिफोनच्या तारेवरून चालत असे. हिशेबाची शिस्त हा या उत्पादनाचा निर्विवाद गुण आहे. रोकड हाताळणाऱ्या कोणत्याही धंद्यात शासनाला इतका स्वच्छ जमाखर्च क्वचितच मिळतो.

आता खेळणाऱ्याच्या बाजूने. कॅनडातील यंत्रांवर एका डावाची कमाल रक्कम अडीच डॉलर असते, आणि ऐकणाऱ्याला ती किरकोळ वाटते. समजा, एखादे यंत्र लावलेल्या रकमेपैकी ९२ टक्के परत देणारे आहे आणि चार सेकंदांत एक डाव पुरा होतो. तासाला ९०० डाव होतात, कमाल रक्कम लावल्यास २,२५० डॉलर यंत्रातून फिरतात, आणि त्यांतील आठ टक्के, म्हणजे १८० डॉलर, सरासरीने तासाभरात गेलेले असतात. खेळणाऱ्याने मात्र खिशातून २,२५० काढलेले नसतात. छोट्या जिंका पुन्हा पुन्हा लावल्या जात असल्याने पैसा कमी होत आहे हे उशिरा ध्यानात येते. परताव्याची टक्केवारी हा या यंत्राच्या जाहिरातीतला सर्वांत फसवा आकडा आहे, कारण वेग कळल्याखेरीज तिला काही अर्थ नाही. खरी किंमत तासावर मोजायला हवी, आणि ती यंत्रावर कोठेही छापलेली नसते.

यंत्राचा वंश लास व्हेगासचा. १९७६ साली फॉर्च्यून कॉइन कंपनीने पडद्यावर चालणारे पहिले स्लॉट मशीन तेथे आणले आणि त्या दशकाच्या अखेरीस व्हिडिओ पोकर लोकप्रिय झाले. कॅसिनोच्या भिंतींबाहेर ते पडले ते अमेरिकेच्या विरळ वस्तीच्या राज्यांत. मोंटाना राज्याने १९८५ मध्ये बारमधील व्हिडिओ पोकरला कायदेशीर केले; पुढे जगभर व्हीएलटी पुरवणारी एक मोठी कंपनी त्याच राज्यातील बोझमन या गावी वाढली, हा योगायोग नव्हे. त्याच वर्षी कॅनडात फौजदारी कायद्यात दुरुस्ती होऊन लॉटरी चालवण्याचा अधिकार सर्वस्वी प्रांतांकडे गेला आणि संगणकावर किंवा पडद्यावर चालणारी जुगारयंत्रे चालवण्याची मुभा फक्त प्रांतिक सरकारांना राहिली. त्याच्या बदल्यात प्रांतांनी १९८८ च्या कॅल्गरी हिवाळी ऑलिंपिकसाठी १० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. या सौद्यातून प्रांतांना जे मिळाले त्याची किंमत त्या वेळी दोन्ही बाजूंना नीट उमगली होती असे वाटत नाही.

राज्याच्या लॉटरीचा भाग म्हणून व्हिडिओ यंत्रे चालवणारे अमेरिकेतील पहिले राज्य साउथ डकोटा. तेथे १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली. यंत्रे परवानाधारक खाजगी चालकांची, मध्यवर्ती संगणक राज्याचा, एका डावावर कमाल दोन डॉलर आणि कमाल बक्षीस १,००० डॉलर, एका परवान्यावर जास्तीत जास्त दहा यंत्रे, आणि निव्वळ उत्पन्नात राज्याचा वाटा, जो पुढे निम्म्यावर गेला, अशी ही मांडणी होती. मालकी खाजगी आणि नियंत्रण शासनाचे हा साचा नंतर अनेकांनी उचलला. इलिनॉयने २००९ मध्ये कायदा करून २०१२ पासून तोच मार्ग धरला आणि आज तेथे ४०,००० हून अधिक यंत्रे बार, रेस्टॉरंटे आणि ट्रक थांब्यांवर उभी आहेत.

साउथ डकोटाची आवृत्ती परीक्षकाच्या दृष्टीने मोलाची ठरते ती एका अपघाताने. १९९४ च्या जूनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राज्यघटनेने मुभा दिली आहे ती लॉटरीला, आणि ही यंत्रे लॉटरी नव्हेत. ऑगस्टमध्ये सर्व यंत्रे एकदम बंद झाली, नोव्हेंबरमध्ये मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली, आणि ती पुन्हा सुरू झाली. कोणत्याही प्रयोगशाळेला मांडता आला नसता असा प्रयोग अशा रीतीने आपोआप घडला. राज्यातील उपचार केंद्रांच्या नोंदींवरून पुढे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, बंदीपूर्वी जुगाराच्या व्यसनाबाबत महिन्याला सरासरी ६८ जण चौकशी करत. बंदीच्या काळात हा आकडा १० वर आला आणि यंत्रे पुन्हा सुरू झाल्यावर २४ वर गेला. त्या काळात तिकिटाची लॉटरी चालूच होती आणि त्याच राज्यातील डेडवुड गावची जुगारगृहेही चालू होती. बंद होते ते फक्त हे यंत्र. ज्याला जुगार खेळायचाच आहे तो एक दार बंद झाले तर दुसऱ्या दाराने जातो, हा युक्तिवाद यंत्रांच्या बाजूने नेहमी केला जातो. या तीन महिन्यांनी त्याला जे उत्तर दिले त्यापेक्षा स्पष्ट उत्तर माझ्या पाहण्यात नाही. तरीही १९९२, २००० आणि २००६ मध्ये यंत्रे हटवण्याचे प्रस्ताव मतदानाला आले तेव्हा मतदारांनी ते फेटाळले. अंदाजपत्रकात त्या रकमेची जागा कशाने भरायची, हा प्रश्न त्या प्रत्येक वेळी समोर असे.

कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावरील प्रांतांनी हे यंत्र शासनाच्या थेट मालकीने आणले, आणि उत्पादनाच्या अंगोपांगांत सर्वाधिक फेरफार झाले तेही तेथेच. न्यू ब्रन्सविकने १९९० मध्ये सुरुवात केली. त्याच प्रांतातील मंक्टनची स्पीलो ही कंपनी यंत्रे बनवू लागली आणि २००४ मध्ये ती जीटेक या लॉटरी क्षेत्रातील मोठ्या कंपनीने विकत घेतली. सुरुवातीला यंत्रे केवळ बारमध्ये नव्हती, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानांतही होती. दूध-पाव घ्यायला आलेल्या माणसाच्या सुट्या पैशांवर नजर ठेवणारी ही जागा होती, आणि नोव्हा स्कोशियाने १९९३ मध्ये तेथून यंत्रे काढली हे त्या प्रांताच्या श्रेयाला जमा करायला हवे. पाठोपाठ मॅनिटोबा, अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि १९९४ मध्ये क्वेबेक अशी यंत्रे पश्चिमेकडे आणि मध्यभागी पसरली. ऑन्टारियो आणि ब्रिटिश कोलंबिया यांनी मात्र बारमध्ये ती येऊ दिली नाहीत. या दोन मोठ्या प्रांतांचा कारभार त्यावाचून अडला नाही, ही गोष्ट यंत्रे अटळच होती असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावी.

२००१ च्या सुमारास अटलांटिक प्रांतांतील नव्या यंत्रांत सुरक्षेची काही साधने बसवली गेली. पडद्यावर घड्याळ आले. शिल्लक रक्कम गुणांऐवजी डॉलरमध्ये दिसू लागली. ६०, ९० आणि १२० मिनिटांनी ‘आपण इतका वेळ खेळत आहात’ अशी सूचना झळकू लागली, आणि १५० मिनिटांनी यंत्र स्वतःहून हिशेब पुरा करून पैसे बाहेर देऊ लागले. यादी वाचताना समाधान वाटते. वापरात मात्र सूचना दिसली की बटण दाबून पुढे जाता येई, आणि अडीच तासांनी पैसे हातात पडल्यावर पुन्हा त्याच स्टुलावर बसायला कोणाची आडकाठी नव्हती. डॉलरमध्ये शिल्लक दाखवणे हा यांतला खरोखर प्रामाणिक बदल म्हणावा लागेल, कारण गुण हा हिशेब अंधुक करण्याचाच एक मार्ग आहे. बाकी साधने खेळणाऱ्याला त्याच्या वेळेची जाणीव करून देऊन निर्णय त्याच्यावरच सोपवणारी होती, आणि यंत्राची सारी रचना त्याच निर्णयशक्तीला थकवणारी होती.

थांबवण्याच्या बटणाची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. काही यंत्रांवर चकत्या फिरत असताना स्पर्श करून त्या थांबवता येत. निकाल आधीच लागलेला असल्याने या बटणाचा निकालावर काहीही परिणाम होत नव्हता. ते फक्त फिरण्याचा वेळ वाचवत होते. क्वेबेकमधील लाव्हाल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवले की बहुसंख्य खेळाडूंना आपण योग्य क्षणी थांबवले तर निकाल बदलतो असे वाटे, आणि हे बटण असताना ते पुष्कळ जास्त डाव खेळत. म्हणजे एकाच सोयीने भ्रमही दिला आणि वेगही वाढवला. एखाद्या खाजगी कारखानदाराने अशी कळ बसवली तर आपण त्याला चलाख म्हणू. शासनाने ती स्वतःच्या यंत्रावर बसू दिली याला माझ्या लेखी सबब नाही. नोव्हा स्कोशियाने त्याच वर्षी आपल्या नव्या धोरणात ते बटण निकामी केले, खेळाचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी कमी केला, मध्यरात्रीनंतर यंत्रे बंद ठेवायला सुरुवात केली आणि सुमारे १,००० यंत्रे काढून टाकण्याचे ठरवले. खेळणाऱ्याच्या संमतीची वाट न पाहता केलेले हे बदल आहेत, आणि म्हणूनच मी ते या यंत्राच्या इतिहासातील उत्तम सुधारणांत धरतो.

त्यानंतर त्याच प्रांताने जे केले ते अधिक महत्त्वाकांक्षी होते आणि त्याचा शेवट अधिक बोधप्रद. माय-प्ले नावाची कार्डप्रणाली आणली गेली. कार्ड घातल्याशिवाय यंत्र चालू होणार नाही, खेळणाऱ्याला आपण महिन्याभरात किती हरलो ते पाहता येईल, वेळेची आणि पैशाची मर्यादा घालता येईल, आणि हवे तर स्वतःला काही काळ बाहेर ठेवता येईल, अशी तिची कल्पना होती. २०१२ मध्ये कार्ड सर्वांना सक्तीचे झाले. मर्यादा मात्र ऐच्छिक राहिली, आणि येथेच योजनेचा पाया कच्चा राहिला. मर्यादेची सर्वांत जास्त गरज असलेला माणूसच ती घालणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. यंत्रांचे उत्पन्न त्या काळात घटले. २०१४ मध्ये सरकारने, फारच थोडे लोक ही साधने वापरतात असे कारण देऊन, प्रणाली बंद केली. अपयश साधनांचे होते की ती ऐच्छिक ठेवण्याचे, हा प्रश्न त्या निर्णयात विचारलाच गेला नाही. सरकारने मर्यादा सक्तीची करून पाहिली असती आणि मग प्रणाली फसली म्हटले असते, तर ते कारण मान्य करता आले असते.

जिंकण्याच्या नादावरही दोन शब्द. एकाच डावात अनेक ओळींवर पैसे लावता येणाऱ्या यंत्रांत एक डॉलर लावून वीस सेंट मिळाले तरी दिवे लागतात आणि संगीत वाजते. खेळणारा ऐंशी सेंट हरलेला असतो आणि यंत्र त्याचे अभिनंदन करत असते. ऑन्टारियोतील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवले की अशा हारीला शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देते. हा नाद काढून टाकणे तांत्रिकदृष्ट्या अगदी क्षुल्लक काम आहे.

न्यायालयात हे उत्पादन सहसा सुटले आहे. क्वेबेकमध्ये व्यसनग्रस्तांनी प्रांताच्या लोटो-क्वेबेक या लॉटरी कंपनीविरुद्ध लढवलेला सामूहिक दावा २०१० मध्ये तडजोडीने मिटला आणि पात्र दावेदारांच्या उपचारांचा खर्च देण्याचे मान्य झाले. न्यूफाउंडलंड प्रांतातून अटलांटिक लॉटरी कॉर्पोरेशनवर, म्हणजे अटलांटिक प्रांतांच्या सामायिक लॉटरी कंपनीवर, झालेला दावा मात्र कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तीन पत्त्यांची हातचलाखी करून लुबाडण्याचा जो खेळ कॅनडाच्या कायद्याने निषिद्ध आहे, त्याच जातीचे हे यंत्र आहे, असा वादींचा मुद्दा होता, आणि लॉटरीने मिळवलेला नफा परत मिळावा अशी मागणी होती. जुलै २०२० मध्ये न्यायालयाने दावा सुनावणीपूर्वीच निकालात काढला. कायद्याच्या भाषेत यंत्र म्हणजे पत्त्यांची हातचलाखी नव्हे, हे खरेच आहे. तरी ते ग्राहकाला काय समजू देते आणि काय नाही, हा परीक्षकाचा प्रश्न त्या निकालाने सुटत नाही.

अमेरिकेतील इतर आवृत्त्यांवर फार थांबण्याची गरज नाही. ऑरेगनने बारमधील बेकायदा यंत्रांवर १९९१ मध्ये बंदी घालून पुढच्याच वर्षी लॉटरीच्या मालकीची पोकर यंत्रे त्यांच्या जागी आणली, म्हणून पहिल्या आश्वासनाबाबत ऑरेगनला चांगले गुण द्यावे लागतील. परंतु २००५ मध्ये तेथे चकत्यांचे खेळ आले. पोकरमध्ये निदान कोणते पत्ते ठेवायचे याचा विचार करायला क्षणभर थांबावे लागते. चकत्यांच्या खेळात तोही थांबा गेला. वेस्ट व्हर्जिनिया, ऱ्होड आयलंड आणि डेलावेअर यांनी यंत्रे शर्यतींच्या मैदानांवर आणली आणि आटत चाललेल्या शर्यतींच्या बक्षिसांना त्यांच्या उत्पन्नाचा टेकू दिला. न्यूयॉर्कने २००१ मध्ये कायदा केला आणि पहिले दालन २००४ च्या जानेवारीत सॅराटोगाला उघडले. तेथील घटनेत लॉटरीला वाट होती पण स्लॉट मशीनला नव्हती, म्हणून निकाल यंत्रात न ठरता मध्यवर्ती संगणकातील आधीच ठरलेल्या तिकिटांच्या संचातून काढला जातो, आणि २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने ही व्यवस्था लॉटरी म्हणून मान्य केली. घटनेचा मान राखला गेला. स्टुलावर बसलेल्याला मात्र त्याने काहीही फरक पडत नाही.

इटलीची आवृत्ती संकटातून जन्मली. एप्रिल २००९ मध्ये लाक्विला शहरात भूकंप झाला आणि त्याच महिन्यात पुनर्बांधणीसाठी निघालेल्या अध्यादेशातून तेथे व्हीएलटीला परवानगी मिळाली. प्रत्येक यंत्राच्या हक्कासाठी कंत्राटदारांनी १५,००० युरो भरायचे होते. एका डावावर दहा युरोपर्यंत, यंत्रावरील कमाल बक्षीस ५,००० युरो आणि देशव्यापी जॅकपॉट पाच लाख युरो, अशा मर्यादा पाहता हे यंत्र शासकीय जुगारयंत्रांतील सर्वांत तीव्र म्हणावे लागते. तेथे देखरेखीचा पूर्वेतिहासही उत्साहवर्धक नव्हता : आधीच्या पिढीतील यंत्रे शासनाच्या जाळ्याशी नीट जोडलेली ठेवली नाहीत म्हणून दहा कंत्राटदारांना लेखा न्यायालयाने २०१२ मध्ये एकूण सुमारे अडीच अब्ज युरोंचा दंड ठोठावला, आणि तो पुढे बराच खाली आला. मध्यवर्ती संगणकाचा जो गुण मी वर सांगितला, तो कागदावर असून भागत नाही.

उत्तर युरोपात परिस्थिती वेगळी होती, आणि या परीक्षणातील सर्वांत जास्त गुण तेथेच जातात. फिनलंडमध्ये १९३८ पासून एका मक्तेदार संस्थेकडे स्लॉट मशीनचा कारभार आहे आणि नफा अनेक दशके आरोग्य व समाजकार्य करणाऱ्या संघटनांना जात असे. त्यामुळे सुपरमार्केटच्या दारात, पेट्रोलपंपावर, टपरीवर सर्वत्र यंत्रे दिसत, आणि २०११ पर्यंत पंधरा वर्षांच्या मुलालाही ती खेळता येत. सत्कार्याचा शिक्का बसला की वस्तू किती सहज नजरेआड होते याचे हे उदाहरण आहे. अलीकडे तेथे सुमारे साडेअठरा हजार यंत्रांतून आठ हजार काढण्याचे ठरले आणि जानेवारी २०२१ पासून दुकानांतील यंत्रांवर ओळख पटवणे सक्तीचे झाले. स्वीडनने १९७९ मध्ये जुन्या स्लॉट मशीनवर बंदी घातली होती. १९९६ मध्ये शासनाच्या कंपनीमार्फत व्हेगास नावाची यंत्रे रेस्टॉरंटांत आणून तो निर्णय बराचसा उलटवला.

नॉर्वेची कथा उलट दिशेने जाते. तेथे यंत्रे खाजगी चालकांची होती आणि उत्पन्नाचा वाटा रेडक्रॉससारख्या संस्थांना जाई. यंत्रे आणि त्यांवरचा खर्च भराभर वाढल्यावर २००३ मध्ये संसदेने ती शासनाच्या नॉर्स्क टिपिंग या कंपनीकडे देण्याचा कायदा केला. चालक न्यायालयात गेले आणि अंमलबजावणी वर्षानुवर्षे लांबली. दरम्यान १ जुलै २००६ पासून यंत्रांत नोटा घालण्यावर बंदी आली, आणि बरोबर वर्षाने, २००७ च्या मार्चमध्ये एफ्टा (युरोपीय मुक्त व्यापार संघ) न्यायालयाचा कौल आल्यानंतर, जुनी यंत्रे देशभरातून हटवली गेली. नवी यंत्रे लगेच आली नाहीत. काही काळ देशात ती नव्हतीच, आणि प्रौढ खेळाडूंच्या पाहणीत या काळात एकूण जुगार आणि त्याच्या समस्या दोन्ही घटल्याचे आढळले. साउथ डकोटाचा अनुभव दुसऱ्या खंडात पुन्हा आला.

मग नॉर्स्क टिपिंगचे मल्टिक्स हे नवे यंत्र आले. रोकड नाही; खेळाडूचे कार्ड लागते, आणि ते नावानिशी असते. सुरुवातीला दिवसाला ४०० क्रोनर आणि महिन्याला २,२०० क्रोनर एवढेच हरता येईल अशी मर्यादा सर्वांना सारखी लावली गेली, आणि तासभर सलग खेळल्यावर यंत्र सक्तीची विश्रांती घ्यायला लावते. खेळाडू आपली मर्यादा याहून खाली आणू शकतो, वर नेऊ शकत नाही. जुन्या यंत्रांच्या तुलनेत त्यांची उलाढाल फारच कमी राहिली, आणि खेळणाऱ्यांच्या मते ती नीरस आहेत. जुगारयंत्राबाबत मी हा अभिप्राय प्रशंसेच्या रकान्यात लिहितो. माय-प्ले आणि मल्टिक्स यांतील तंत्रज्ञान जवळजवळ सारखेच, कार्डही दोन्हीकडे होते. अंतर एवढेच की एकीकडे मर्यादा विचारली गेली आणि दुसरीकडे ती लावली गेली. २०१६ मध्ये याच कंपनीने आपल्या सर्व खेळांवर मिळून महिन्याला २०,००० क्रोनर हरण्याची मर्यादा घातली. दोन आकडे शेजारी ठेवले की विकणाऱ्यालाच आपल्या कोणत्या मालाची किती भीती वाटते हे कळते.

काही शासनांनी दुकानच बंद केले. इस्रायलमध्ये राष्ट्रीय लॉटरीची यंत्रे २०१६ च्या अखेरीस बंद झाली, आणि चीनमध्ये कल्याण लॉटरीचा २००३ पासून चाललेला व्हिडिओ खेळ २०२० मध्ये थांबला.

पैशाचे आश्वासन पाळले गेले, हे मान्य करायला हवे. मात्र त्या पैशाने एक जोखीम आणली जी कोणत्याही कायद्याच्या मसुद्यात नव्हती. अल्बर्टात बारमालकाला यंत्राच्या निव्वळ उत्पन्नाचे १५ टक्के मिळतात, अमेरिकेत घोड्यांच्या मालकांना बक्षिसे मिळतात, फिनलंडमध्ये समाजकार्याच्या संस्थांना अनेक दशके अनुदाने मिळत. लगाम ओढायची वेळ आली की हे सर्व वाटेकरी एकत्र उभे राहतात, आणि ते वाईट लोक नसतात, म्हणूनच त्यांना नाही म्हणणे अवघड जाते. कुंपणानेच शेत खाल्ले ही म्हण येथे पटकन सुचते, पण ती पुरती लागू पडत नाही. कुंपणाच्या आत बसवलेले शेजारीपाजारीही शेतावर जगू लागतात आणि मग कुंपण दुरुस्त करायला कोणीच तयार होत नाही. अल्बर्टाने १९९५ मध्ये यंत्रांची संख्या ६,००० वर गोठवली, १९९८ मध्ये शहरोशहरी मतदान झाले, एडमंटनमध्ये यंत्रे निसटत्या बहुमताने वाचली. ज्या गावांनी नको म्हटले तेथूनही ती निघायला न्यायालयीन वादामुळे २००३ उजाडले.

आज एखादे शासन हे यंत्र नव्याने घेण्याच्या विचारात असेल, तर कॅटलॉगमधील खेळांची संख्या पाहण्याआधी त्याने पुरवठादाराकडून चार गोष्टी लेखी मागाव्यात असे मी सुचवीन : नोटा न घेणारे यंत्र, नावानिशी कार्ड, बदलता न येणारी हारीची मर्यादा, आणि लावलेल्या रकमेपेक्षा कमी मिळाल्यास गप्प राहणारा ध्वनिक्षेपक. यांपैकी एकाचीही अडचण तांत्रिक नाही. मल्टिक्सने त्यांतील बहुतेक गोष्टी केल्या, आणि तरी मी त्याला पूर्ण गुण देत नाही, कारण सर्वांना एकच मर्यादा म्हणजे तुटपुंज्या मिळकतीच्या माणसालाही तीच, आणि त्याच्या घरखर्चातून दर महिन्याला दोन हजारांहून अधिक क्रोनर गेले तर यंत्राच्या हिशेबी सारे नियमांनुसारच चाललेले असते.